एक ते चारचा दवाखाना

“साहेब, तुमचा स्वस्त प्लॅन झकास आहे. फक्त आमच्या बायकांनी आजारी कधी पडायचं, तेवढं सांगा.”

सुमनकाकू माझ्या टेबलासमोर बसून हे म्हणत होत्या. दुबईच्या ‘बर दुबई’ भागात त्यांचं डब्यांचं किचन, हाताखाली नऊ बायका. मी दुबईतल्या एका इन्शुरन्स पोर्टलवर हेल्थ प्लॅन तयार करतो. छोट्या धंदेवाल्यांसाठी आम्ही खालचा टियर, म्हणजे कमी हप्त्याचा प्लॅन आणत होतो. युक्ती साधी: नेटवर्क छोटं करायचं. कार्ड ठरावीक क्लिनिकमध्येच चालणार, आणि हॉस्पिटलला जायचं तर आधी तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी. सोमवारी लाँच होता. त्याआधी एका खऱ्या गिऱ्हाइकाचं मत घ्यावं म्हणून आठवड्यापूर्वी काकूंना यादी पाठवली होती.

“काकू, बायका इंटरनॅशनल सिटीत राहतात ना? तिथे सहा क्लिनिक दिलीत.”

“दिलीत हो. पण बायका पहाटे चारला कामावर. दुपारी एकला मोकळ्या होतात, चारला पुन्हा रात्रीचे डबे. घरी जाईपर्यंत दहा. आणि तुमची सगळी क्लिनिकं एक ते चार बंद!”

त्यांनी वही उघडली. यादीतल्या चाळीसही क्लिनिकना त्यांनी स्वतः फोन केले होते. वेळ काय, लेडी डॉक्टर आहे का, हिंदी समजतं का, सगळं लिहिलेलं. फोन स्पीकरवर ठेवून, पोळ्या लाटता लाटता. मी थक्क झालो. बारा वर्षं मी या धंद्यात आहे, आणि हे काम मला कधी सुचलंही नव्हतं.

“एवढा खटाटोप कशासाठी, काकू?”

“आमची शालन नवीन लागलीय. पायाची जखम महिनाभर भरत नाही. मला साखरेची शंका येते. टेस्ट कर म्हटलं, तर म्हणते कार्ड आल्यावर करते. कार्ड आलं आणि दारच बंद असलं, तर ती पुन्हा जायची नाही.”

मी वही घेऊन बॉसकडे गेलो. फादी लेबनॉनचा, घाईचा माणूस.

“लिस्ट फायनल आहे, हबीबी. खलास.”

मी एकेक ओळ वाचून दाखवली.

“ही बाई कुठल्या डिपार्टमेंटची?”

“डब्यांच्या.”

फादीने वही हातात घेतली. मराठी त्याला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, “लाँच सोमवारी नाही, गुरुवारी. यल्ला, लागा कामाला.”

तीन दिवसांत आम्ही काही क्लिनिक गाळली आणि किचनजवळची, दुपारी उघडी असणारी पाच घेतली. हप्ता तोच राहिला.

पुढच्या आठवड्यात शालन दुपारी दोनला क्लिनिकमध्ये गेली. साखर भयंकर वाढलेली निघाली. डॉक्टरने त्याच दिवशी चिठ्ठी देऊन हॉस्पिटलला पाठवलं. आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं तिथे सांगितलं. ती आज दोन्ही पायांवर उभी राहून पोळ्या लाटते.

आमच्या एक्सेलमध्ये क्लिनिकचे पत्ते होते, डॉक्टरांच्या डिग्र्या होत्या. वेळेचा कॉलम मात्र नव्हता.