समुद्र लवकरच

टेलर मास्तर एकतीस वर्षं एकाच पद्धतीनं कोट शिवत आले. आधी कच्चा टाका, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून खांदा कुठे ओढतो तिथे खडूची खूण, आणि मगच पक्की शिलाई. निम्मे पैसे कापड कापतानाच. अर्धवट कोट त्यांनी कुणाचाच ठेवला नाही. एक गिऱ्हाईक मध्येच वारलं, तर मास्तरांनी कोट पुरा करून त्याच्या मुलाच्या हवाली केला. मुलाला तो होत नव्हता, पण तो प्रश्न वेगळा.

त्यामुळे दोघांनी मिळून खेळायच्या एका कॉम्प्युटर गेमबद्दल लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हा गेम अजून पुरा झालेला नाही. बनवणारे आत्ता पैसे घेतात आणि पुढे जमेल तसं बनवतात. कधीकधी बनवतच नाहीत," तेव्हा मास्तर हसले.

"अगं, म्हणजे ट्रायलला बोलावलंय."

"बाबा, तसं नसतं ते."

"पैसे घेतात ना? मग करतील."

त्यांनी त्या गेमच्या दोन प्रती घेतल्या, एक स्वतःला आणि एक तिला. नोकरीसाठी ती दूर गेल्यापासून बापलेकीचं बोलणं "जेवलीस?" आणि "जेवले" यापुढे सरकत नव्हतं. गेममध्ये दोघांनी मिळून एका बेटावर होडी बांधायची होती. दर रविवारी चार वाजता दोघं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसत. फळ्या ठोकता ठोकता ती साहेबाबद्दल सांगे, घरमालकिणीबद्दल सांगे. एकदा रडलीसुद्धा. मास्तर फळ्या ठोकत राहिले. हातात काम असलं आणि एकमेकांकडे बघावं लागत नसलं, की माणसं मोकळी होतात, हे त्यांना दुकानात शिकायला मिळालं होतं.

गेम मात्र खरोखरच कच्चा होता. झाडं मधूनच गायब होत. होडी होती, पण समुद्र नव्हता. किनाऱ्यापाशी नुसती पाटी होती: 'समुद्र लवकरच'. मास्तर दर सोमवारी बनवणाऱ्यांना आपल्या खुणा कळवत. 'नावाड्याच्या कोटाची डावी बाही उजवीकडे लागली आहे,' असं त्यांनी लिहिलं, आणि महिन्याभरात बाही जागेवर आली. मास्तरांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ती दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "अहो, पण समुद्र?"

"बाही झाली ना? आता समुद्राला कितीसा वेळ!"

दीड वर्ष गेलं. मग बनवणाऱ्या दोघा भावांची सूचना आली. काम थांबवत आहोत, सर्वांचे आभार, महिनाअखेरीपासून दोघांनी मिळून खेळणं बंद होईल. पैसे परत नाहीत. मास्तरांनी अटी पहिल्यांदाच वाचल्या. 'आहे तसा घ्यावा' असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

"मी सांगत होते," लेक म्हणाली.

"सांगत होतीस खरी."

पैशांचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. रविवारचं काय, हे मात्र त्यांना विचारता येईना. असं विचारलं, की लेक कर्तव्य म्हणून फोन करेल, आणि तसले फोन त्यांना ठाऊक होते.

शेवटच्या रविवारी दोघांनी होडी पुरी केली आणि वाळूवरच तिच्यात बसून राहिले.

पुढच्या रविवारी चार वाजता मास्तर सवयीनं खुर्चीत बसले. बायकोनं विचारलं, "आता काय बघताय?" ते म्हणाले, "काही नाही." आणि ते खरंच होतं.

सव्वाचारला फोन वाजला.

"बाबा, मी एक तयार कोट घेतलाय. बाही लांब होतेय. घरी कमी करता येईल?"

"कितीनं लांब?"

"दोन बोटं."

"कुणाची? तुझी का माझी?"

ती हसली. "थांबा, टेप शोधते. फोन ठेवू नका हं."

पलीकडे खण उघडल्याचे आणि काहीतरी खाली पडल्याचे आवाज येऊ लागले.

"सापडत नाहीये," ती लांबून ओरडली.

"सावकाश शोध," मास्तर म्हणाले.