"वा!" म्हटलं की आई ब्रेक मारते

मंडळी, सकाळपासून मी हवेत आहे! आज माझ्या आईनं एकटीनं स्कूटी चालवली!

आठवडाभर अमडापूरच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात मी आईला आणि काकूला शिकवतेय. काकूला "मस्त!" म्हटलं की ती आणखी एक चक्कर मारते; जरा ओरडलं की गाडी उभी आणि तोंड फुगलेलं. आईचं उलटं. "वा!" म्हटलं की लगेच ब्रेक मारून खाली. "वा म्हटलं ना तू? मंग झालं माह्यं!"

आज बाबा बघायला आले. जरा वेळ पाहून म्हणाले, "तुले नाही जमत हे. राहू दे."

आईनं पदर खोचला, रेस दिली आणि गेली की थेट डांबरी रस्त्यावर! मी बोंबलत मागं. ती पेट्रोल पंपापासून वळून परत आली!

मी "वा" म्हणणार, तेवढ्यात काकूनं माझं तोंड दाबलं. "चूप राह्य, ताई उतरून जातीन!"

बाबा म्हणाले, "तू हॉर्न लय वाजवतं."

तुमच्या घरी कोण कशावर चालतं, सांगा बरं. आमच्याकडे आई बाबांकडे बघून म्हणाली, "बसा मांगं."

आणि बाबा मुकाट्यानं बसले!