टँकर कुठे भरतो?

बिबवेवाडीतल्या एका डायलिसिस सेंटरची व्यवस्था मी पाहते. आमचं सगळं अडतं ते पाण्यावर. गुरुवारी नळ बंद असले की टँकर, आणि टँकर आला नाही तर आलेल्या पेशंटना परत पाठवायचं. त्यांचं एक डायलिसिस चुकलं तरी अंगात पाणी साठतं, धाप लागते.

म्हणून मी एकाऐवजी दोन टँकरवाले ठेवले होते. दोघांचे करार, परवाने, पाण्याचे तपासणी अहवाल, सगळं एका फाइलीत. ‘बाहेरच्या पुरवठादारांमुळे काम बंद पडण्याचा धोका’ या रकान्यात मी बिनधास्त ‘कमी’ लिहिलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या फाइलीचा मला अभिमान होता.

दर गुरुवारी येणारे एक निवृत्त शिक्षक खुर्चीवर बसण्याआधी विचारायचे, पाणी पुरेल ना? चार तास डोळे उघडे ठेवून मशीनकडे बघत राहायचे. त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी एकदा फाइल हातात दिली. त्यांनी पानं चाळली.

"फाइल छान आहे. विहीर पाहिलीत का?"

मला रागच आला. तरी दुपारी एका ड्रायव्हरला फोन करून विचारलं, कुठे आहात? हडपसरच्या पलीकडे विहिरीवर रांगेत आहे, म्हणाला. वर सहज सांगितलं, "म्याडम, माझ्यापुढं तुमचाच दुसरा टँकर भरतोय की."

मालक दोन, करार दोन आणि विहीर एक, तिच्यावर मोटरही एकच. माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जाऊन ती विहीर पाहिली. मग आठवडाभर फिरून खडकवासल्याच्या बाजूचा, वेगळ्या विहिरीवर भरणारा टँकरवाला शोधला आणि जुन्या दोघांपैकी एकाचं काम हात जोडून बंद केलं. इतक्या वर्षांत कधी अडलं का, असं त्याने ऐकवलं. अडू नये म्हणूनच, मी म्हटलं.

दोनेक महिन्यांनी एका गुरुवारी हडपसरकडची मोटर जळाली. मी लगेच नव्या टँकरवाल्याला फोन लावला, तासाभरात टँकर दारात आला. शिक्षक तोवर चपला न काढता खुर्चीवर बसून होते. अनोळखी टँकर त्यांनी खिडकीतून पाहिला.

"विहीर पाहिलीत का?"

"दोन्ही पाहिल्या," मी म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. सिस्टरने मशीन लावल्यावर चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच डोळे मिटून घेतले.