अर्ध्या किलोची लगड

मी हुपरीचा. घरात चांदीचंच काम. आजोबा चांदी वितळवायची आटणी करायचे, वडील पैंजण. मी केमिस्ट्री शिकलो आणि शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये लागलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तिथं कुठून कुठून भंगार चांदी येते, वितळते आणि विटा होऊन बाहेर पडते. माझं काम तिचा टंच काढायचं, म्हणजे शंभरात खरी चांदी किती ते सांगायचं.

शारजाच्या आमच्या फ्लॅटवर रविवारी माणसं यायची. मजुरांच्या कॅम्पात राहणारी, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची. कुणी गावी जाताना छोटा बार घेतलेला असायचा, कुणाला कुणी विकलेला असायचा. खरी आहे का तेवढं बघा, म्हणायचे. मी पैसे घेत नसे. बायको चहा करायची. डायनिंग टेबलावर माझा काटा, कसोटीचा दगड, ॲसिडची बाटली आणि पाण्याचं भांडं मांडलेलं असायचं. मी सांगेन ते शेवटचं, असं ती माणसं धरून चालायची, आणि हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्यातलाच एक जण आला. गुहागरकडचा, माझ्याच वयाचा, स्कॅफोल्डिंगचं काम करणारा. दुबईतल्या मुहैस्नाहच्या कॅम्पात राहायचा. सगळे त्या भागाला सोनापूरच म्हणतात, तोही तेच म्हणाला. त्याने पाठीवरच्या सॅकमधून अकरा मोजे काढून टेबलावर ओळीनं ठेवले. प्रत्येकात चांदीची एकेक वीट. पन्नास ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत. बावीस वर्षांत जमवलेल्या. पुढच्या वर्षी कायमचं गावी जायचं होतं, म्हणून आज काय किंमत होईल ते त्याला हवं होतं.

एवढी चांदी का घेतली, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, पैसे गावी पाठवले की दिसेनासे होतात. घर होतं, आजारपण होतं, कुणाची फी होते, ते बरोबरच आहे. पण हे माझ्यासमोर राहतं. मग त्याने एकेक वीट हातात घेऊन सांगितलं, ही कुठल्या साइटवर असताना घेतली, हिच्यावर कुठला शिक्का आहे, ही जरा पिवळी का पडली. मी इतकी वर्षं चांदी हाताळतोय, पण विटांकडे असं बघणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

दहा विटा चोख निघाल्या. अकरावी सगळ्यात मोठी होती. ती कारखान्यातली नव्हती, हातानं साच्यात ओतलेली जुनी लगड होती, कडा ओबडधोबड, शिक्का नाही. ती त्याने आपल्या रूममेटकडून घेतली होती. दोघं एकाच वाडीतले, शाळेपासूनचे सोबती, अकरा वर्षं एका खोलीत वरच्या-खालच्या बंकवर झोपणारे. रूममेट पूर्वी शारजात एका म्हाताऱ्या सोनाराच्या दुकानात कामाला होता. दुकान बंद करताना मालकाने त्याला ही लगड दिली होती. पुढे त्याच्या बायकोचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्याने ती हजार दिरहमला ह्याला दिली. तेव्हाचे सतरा-अठरा हजार रुपये, तो म्हणाला, बाजारभावानेच.

मी लगड दगडावर घासली, ॲसिड लावलं. वरून चांदी. मग पाण्यात तोलली. चांदी पाण्यात बुडवली की तिचं वजन ठरावीक प्रमाणात घटतं. आत हलका धातू असला की जास्त घटतं. हिचं बरंच जास्त घटलं. मी पुन्हा तोलली, तेच. लगड दोऱ्याला टांगून चमच्यानं वाजवली. चांदी लांबवर घुमते. ही बद्द वाजली.

खरं तर अशा वेळी कापून बघायला हवं. माझे वडील छिन्नी मारल्याशिवाय लगड घेत नसत. पण त्यासाठी ती लॅबमध्ये न्यावी लागली असती. मुलीचा शाळेत कार्यक्रम होता, ती दारात बूट घालून उभी होती, "बाबा, वी आर लेट," म्हणत होती. आणि खोटं कशाला बोलू, मला शंका उरलीच नव्हती.

"वर चांदी आहे," मी म्हणालो, "आत भर आहे. तांबं असेल. तुम्हाला फसवलंय."

त्याने दहा मोजे सॅकमध्ये भरले. अकरावा तसाच हातात धरून जिना उतरला.

पुढचं मला त्याच कॅम्पातून येणाऱ्या दुसऱ्या एकाकडून कळलं. गुहागरवाल्याने खोलीत जाऊन लगड रूममेटच्या अंथरुणावर टाकली आणि सहा जणांसमोर त्याला चोर म्हटलं. रूममेट आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग माझं नाव निघालं, लॅबवाल्या साहेबांनी सांगितलंय म्हणून. ते सगळ्यांनी खरं धरलं. महिन्याभरात रूममेटने कंपनी बदलली आणि जबल अलीच्या कॅम्पात राहायला गेला. ही गोष्ट गावापर्यंत गेली. दोन्ही घरच्या बायकांनी बोलणं टाकलं.

मला वाईट वाटलं, पण माझ्यापुरता विषय तिथंच संपला होता.

सातआठ महिन्यांनी गुहागरवाल्याने एकाच्या हाती ती लगड माझ्याकडे पाठवून दिली. मला डोळ्यांसमोर नको, तुम्ही काय करायचं ते करा, असा निरोप. मी ती लॅबमध्ये नेली. आत नेमकं काय भरलंय ते बघावं, नव्या मुलांना दाखवायला नमुना होईल, एवढाच विचार. करवतीच्या मशीनवर लावली आणि मधोमध कापली.

दोन्ही तुकडे पांढरेशुभ्र होते. तांबं नव्हतं, शिसं नव्हतं. मधे सुपारीएवढी पोकळी होती. साचा गार असताना घाईनं ओतलं की आत हवा कोंडते आणि अशी पोकळी राहते. त्यामुळेच ती पाण्यात हलकी भरली, त्यामुळेच बद्द वाजली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. मी दोन्ही तुकड्यांचा नमुना काढून टंच काढला. नव्याण्णवच्या वर आला. पुन्हा काढला. मग हातमोजे काढून बाहेर गेलो आणि पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ बसून राहिलो. ऊन मी म्हणत होतं, आणि मी एसी लावायचंही विसरलो होतो.

रात्री बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, जाणार कधी?

त्या रविवारी सोनापूरला गेलो. कॅम्पाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी त्याला बोलावलं आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले. माझं चुकलं, चांदी खरी आहे, असं सांगितलं. पोकळी कशी राहते तेही सांगायला लागलो, पण तो ऐकत नव्हता. पोकळीत अंगठा घालून उभा होता.

"म्हणजे त्याने फसवलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

तो माझ्यावर चिडेल असं मला वाटलं होतं, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो मला म्हणाला, त्याला तुम्हीच सांगा, माझा फोन तो उचलत नाही. आणि तुकडे परत माझ्या हातात ठेवले.

जबल अलीला मी दुसऱ्याच दिवशी ड्युटीनंतर गेलो. रूममेटला मी कधी पाहिलं नव्हतं. किरकोळ अंगाचा माणूस, टाइल्स बसवणारा, नखांत सिमेंट. कामावरून येणाऱ्या बसमधून उतरला, हातात डबा होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला फुटपाथच्या कठड्यावर बसायला जागा करून दिली. मी तुकडे दाखवले, सगळं सांगितलं, माफी मागितली.

त्याने तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि म्हाताऱ्या मालकाबद्दल बोलायला लागला. त्याचा हात कापायचा, तरी शेवटपर्यंत ओतायचं काम तोच करायचा, चांदी वितळवायच्या मुशीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग तुकडे कठड्यावर ठेवले.

"तुमची चूक मशीनची, साहेब. काट्यावर दिसलं ते तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. "पण मी त्याच्या खालच्या बंकवर झोपत होतो. त्याने मला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं."

तुकडे तुम्ही ठेवता का, असं मी विचारलं. नको म्हणाला, विकली होती, ती त्याचीच. मेसमध्ये जेवणाची वेळ झाली होती, तो उठला. जाताना मला म्हणाला, गाडी हळू चालवा, ह्या रस्त्याला ट्रेलर फार असतात.

मी तुकडे सोनापूरला नेऊन दिले आणि घडलं ते शब्दाशब्दाने सांगितलं. पुढे तीन महिन्यांनी तो कायमचा गावी गेला. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. काचेच्या दारापाशी तो दोनदा मागे वळला. जबल अलीहून कुणी आलं नव्हतं.

त्यानंतर रविवारी माणसं येत राहिली, पण मी जे कळत नाही ते कळत नाही म्हणायला लागलो. वरून इतकंच सांगता येतं, आतलं कापल्याशिवाय नाही, असं बोललो की काहींचा चेहरा पडतो. काही जण यायचे थांबले.

गेल्या वर्षी मे महिन्यात गुहागरहून त्याचा फोन आला. रूममेट सुट्टीवर गावी आला होता. हा स्वतःहून त्याच्या घरी गेला, अर्धी लगड खिशात घालून. रूममेटच्या बायकोने दार उघडलं आणि आत निघून गेली. दोघं पडवीत बसले. ह्याने चुकलो म्हटलं, आणि अर्धा तुकडा समोर ठेवला.

"घेतला?" मी विचारलं.

"नाही घेतला," तो म्हणाला. "पण चहा सांगितला. आम्ही बसलो दिवेलागणीपर्यंत. फारसं बोललो नाही."

तिकडे कुणीतरी लाकूड तोडत होतं. त्याने माझ्या मुलीची चौकशी केली, आता कितवीत आहे विचारलं, आणि कधी आलात तर घरी या म्हणाला. मी येतो म्हणालो.