दादांना किनाऱ्यावर ठेवलं

माझ्या थोरल्या भावाला मी एकदा पाण्याला भिणारा ठरवलं. ते साफ खोटं होतं.

सत्तरनंतरची ती वर्षं. औंढ्याजवळच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. आम्ही पाच मास्तर दिवाळीच्या सुट्टीत कोकणात निघालो, तेव्हा दादांना मीच सोबत घेतलं. मी शिकावं म्हणून त्यांनी शाळा सोडून औत धरलं होतं. समुद्रातले डॉल्फिन बघायचे, एवढंच त्यांनी आजवर माझ्याकडं मागितलं होतं.

त्या सकाळी हवेचा भरवसा नव्हता. ऊन पडे, लगेच आभाळ भरून येई, पुन्हा ऊन. होडीवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की वारा फिरतोय, एकच फेरी होईल आणि पाचच माणसं घेईन. दादा धोतर खोचून पाण्यात उतरलेही होते.

मी म्हणालो, "दादा, तुमी दुसऱ्या फेरीला या."

होडी निघाल्यावर एकानं विचारलं, तर मी सांगितलं की ते पाण्याला भितात.

डॉल्फिन दिसले. करडी, ओली पाठ वर येई, वळे आणि बुडे. सगळे तिकडं बघत होते. मी किनाऱ्याकडं पाहिलं, तर दादा कपाळावर हात धरून आमच्याकडंच बघत उभे. मग सर आली आणि होडी फिरली.

परतीच्या एसटीत एका मास्तरानं छेडलं, "काहून दादा, पाण्याला भ्याले म्हणं?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय," म्हणाले, "आमी विहिरीवरली माणसं."

आमच्या गावात विहिरीत घागर पडली की दादांनाच बोलावणं येई. बुडी मारून ते ती वर काढत. मलाही पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. पण मास्तरांची चेष्टा गावात पोचली. पुढं घागर पडली की लोक दोराला गळ बांधून सोडू लागले. दादांना कुणी विचारीना. ते टोमणे ऐकून घेत. माझं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

वीसेक वर्षं मीही गप्प राहिलो. गेल्या उन्हाळ्यात पारावर कुणीतरी तीच चेष्टा पुन्हा काढली. दादा सवयीनं हसले. ते हसू मला सोसवलं नाही. मी सगळ्यांदेखत उठलो.

"दादा भ्याले नव्हते. दुसरी फेरी न्हाई, हे मला ठाऊक होतं. मास्तरांत तुमच्या धोतराची मला लाज वाटली, दादा. मी खोटं बोललो. मला माफ करा."