दुसरी मरळ

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. मासा तर सोडाच, अंड्याचं टरफलबी कधी उंबऱ्याच्या आत आलं न्हाई. आन् त्या घरातला मी, सात वर्सं गळ टाकून मासे धरायला जात होतो. जात होतो म्हणलं बरं का, धरत होतो म्हणलं न्हाई. सात वर्सांत मपल्या हातानं जेवढे लागले तेवढे मोजायला एका हाताची बोटं लागतेत, त्यातबी आंगठा उरतो.

हा नाद मला लावला भाईनं. तेलगावात माझं दोराचं दुकान, कासरे, दावे, शिंकी, मोरक्या. शेजारी भाईचं मोटारी भरायचं दुकान. कुणाची हिरीवरची मोटार जळाली की ती भाईकडं यायची, त्यो आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरायचा. माझ्यापेक्षा धा वर्सानं मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, त्यो मला आप्पा म्हणायचा आन् डोकं फिरलं की बे म्हणायचा. दिवसातून चार-पाच डाव बे व्हायचंच.

भाई गेला त्याला आता दोन वर्सं होत आली. जाताना त्यो मपल्यावर नाराज होता का न्हवता, हे मला ठावं न्हाई. ते मला कळायला पायजे होतं, आन् ते कळलं न्हाई त्याला कारण मीच.

सुरुवात मोबाईलवरनं झाली. भाई जेवताना मोबाईलवर मासेवाले बघायचा. एकदा कुठल्यातरी थंड मुलखातला गोरा माणूस दिसला, कमरेएवढ्या पाण्यात उभा, आन् गळाला गांडूळ न्हाई की कणकीची गोळी न्हाई, पिसाचा खोटा किडा. त्यो दोरी डोक्यावरनं मागं-फुडं नाचवायचा आन् किडा पाण्यावर आसा टेकवायचा की माशालाबी वाटावं खरंच काय तरी पडलं. भाई म्हणला, "आप्पा, हे आपुन करायचं."

मी म्हणलो, "भाई, तुमी खाणार म्हणून धरणार. मी कावून धरू?"

"तू बसून फेक. खायचं माझ्याकडं लागलं."

मी आधी सामान घेतलं. बीडला जाऊन चकचकीत घडीची काठी आणली, तिला फिरकी, फिरकीला मूठ. पहिल्याच दिवशी धरणाच्या फुगवट्यावर उभा राहिलो आन् जोरात फेकलं. गळ गेला, दोरी गेली, आन् मागनं काठीबी गेली. हात तेवढा मपल्याकडं राहिला. भाई खाली बसून हासला, मग उठला, आन् पुन्हा बसून हासला.

मग त्यानं मला येळू निवडायला नेलं. धा-बारा येळू हातात धरून बघितले. म्हणला, "बुड हातात धर आन् शेंडा हलीव. नुसता शेंडा हलला पायजे. मधूनच वाकला तर सोडून दे, आन् कुठंच वाकला न्हाई तर घरी न्यून बायकोला दे, कपडे वाळत घालायला." तंगूस, म्हंजे गळाची नायलॉनची तार, आणायला सांगितला तर मी सगळ्यात जाड आणला. आपला धंदाच दोराचा, जाड ते मजबूत. भाईनं त्यो बघितला आन् म्हणला, "आप्पा, बैल बांधायचा न्हाई आपल्याला." मग बारीक आला. त्याची गाठ मला येईना. जनावराच्या दाव्याच्या सतरा गाठी मला डोळे झाकून येतेत, पर गळाची गाठ ओढली की सुटायची. भाईनं दाखविलं, गाठ आवळायच्या आधी जिभंवर ओली करायची, कोरडी आवळली तर तंगूस जळतो. चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी मी गाठीबरुबर गळबी जिभंवर ठिवला.

पिसाचा किडा मातर भाईच करायचा. लहान गळ पक्कडीत धरायचा, त्याच्यावर कोंबड्याच्या मानंची पिसं ठिवायची, वरून मोटारीची बारीक तांब्याची तार येढं घालून घट्ट भरायची आन् शेवटाला मोटारीलाच लावायचं वारनिस एक थेंब. उन्हात ठिवला की तीन दिवसांत दगड. पाण्यात कितीबी आपटा, पीस हलायचं न्हाई. पिसं आणायचं काम माझ्याकडं. चिकनच्या दुकानातनं मूठभर घ्यायची आन् खिशात घालायची. एकदा धुताना बायकोनं खिसा उलटा केला. तिला वाटलं मी ढाब्यावर जाऊन कोंबडी खायलोय. मला अंगणात बसवून गार पाण्यानं आंघूळ घातली, इभूत लावली, आन् चार दिवस ताट आपटून वाढलं. मी म्हणलो, आगं मासे धरायला पायजेत. मग आठ दिवस झाले ताट आपटायचे.

फेकायला शिकायला मातर वर्स गेलं. दोरी मागं टाकायची, ती मागं सरळ हुईपर्यंत दम धरायचा, मग फुडं. दम किती धरायचा हे सांगता येत न्हाई. भाई म्हणला, "मी मनात बिस्मिल्ला म्हणतो. तू तुपलं म्हण." मी म्हणलो ओम नमः शिवाय. सगळं म्हणून हुईतोवर दोरी खाली पडून मागच्या बाभळीत. एकदा तर गळ मपल्याच कानात. भाईनं मोटारीच्या पक्कडीनं काढला. म्हणला, "आप्पा, शिव एकदाच म्हण बे. देवाला कळतं."

एका श्रावणात त्यानं मला ते दाखविलं. वड्याच्या तोंडाला, जिथं वड्याचं पाणी धरणाला मिळतं आन् गवत पाण्यात गेलेलं आसतं, तिथं पाण्यावर ताटाएवढी लाल जागा. हळदी-कुंकवाचं ताट पालथं झाल्यावानी. ती जागा हळूहळू सरकायली, आन् मधनंच चहा उकळल्यावानी बारीक बुडबुडायली. भाई म्हणला, "मरळीची पिल्ली. दम घ्यायला वर येतेत. आन् खाली मायबाप उभे हायत."

मी म्हणलो, "मग टाका की."

"आता किडा टाकला तर दुसऱ्याच फेकीला मरळ लागंल. तुलाबी लागंल, एवढं सोपं हाय. भूक न्हाई तिला, ती ह्या दिवसांत कायबी खात न्हाई. पिल्लीवर काय तरी आलं म्हणून रागानं धरती."

"मग?"

"मग काय. ती गेली की दोन-चार दिवसांत बगळं, खंड्या, पाणकावळं सगळी पिल्ली येचून खातेत." त्यानं दोरी गुंडाळली. त्या दिवशी आमी तसंच घरी आलो. मला तर बरंच वाटलं, रिकाम्या हातानं यायला त्या दिवशी कारण तरी होतं.

मग भाईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी नीट केलं, पर भाईला शुगर. घरी आला तरी जखम वाळंना. रोज पट्टी, रोज ओली. कुणीतरी भाभीला सांगितलं की मरळीचा रस्सा दिला की जखम भरती. हे आमच्याकडं सगळेच सांगतेत, खरं-खोटं मला ठावं न्हाई. भाभीनं बाजारात बघितलं तर धरणातले कटला आन् चिलापी, मरळ कुठंच न्हाई. भाभी दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणली, "आप्पा, तुमी जाता ना तिकडं. बघा ना एखादी."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मासे धरणारा माणूस समजलं. मी म्हणलो, "उद्या आणतो."

तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी चप्पल लागली. दुसऱ्या दिवशी कायच न्हाई. तिसऱ्या दिवशी मपलीच टोपी लागली.

चौथ्या दिवशी वड्याच्या तोंडाला ती लाल जागा दिसली.

मी लई इचार केला आसं म्हणायला आवडलं आसतं. म्हणलो, भाईची जखम. आन् दोरी मागं टाकली, शिव एकदाच म्हणलो, आन् ती आशी सरळ गेली की सात वर्सांत गेली न्हवती. किडा लाल जागंच्या कडंला टेकला. दुसऱ्याच फेकीला पाणी फुटलं. ओढून बाहीर काढली तर कोपरापासून बोटापर्यंत मरळ.

एवढ्यावर घरी आलो आसतो तर ही गोष्टच न्हवती. पर तिकडनं टायरच्या ट्यूबवर बसून दोघं भोई जाळं काढायलेते, त्यातला एक वरडला, "आरं आप्पाला लागली. आज सूर्य कुणीकडनं उगवला."

सात वर्सं ह्या दोघांनी मला बाभळीतनं गळ काढताना बघितलेलं. मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई, आसा आव आणला की आमाला रोजच लागतेत. आन् पुन्हा फेकलं. त्यांना दावायला. लाल जागा तिथंच होती, गोंधळल्यावानी गोल फिरायली. दुसरी तिसऱ्या फेकीला लागली. पहिलीएवढीच.

दोन्ही एका सुतळीत ओवल्या, मोटारसायकलच्या हँडलला बांधल्या आन् बाजारातनं आलो. सरळ रस्ता होता, तरी बाजारातनं. तीन ठिकाणी थांबलो, कुणी थांबविलं न्हवतं.

भाई खाटंवर बसला होता, पोटाला उशी धरून. मला बघून हासला, मग सुतळी बघितली. दोन. हासणं थांबलं.

"कुठं लागल्या?"

"वड्याच्या तोंडाला. आसं फेकलं भाई, तुमी बघायला पायजे होतं."

"दोन्ही एकाच जागी?"

"लागोपाठ."

आत भाभी मरळी कापायली होती. भाईनं तिथनंच इचारलं, "पोटात काय निघालं गं?"

"कायच न्हाई. दोन्हींचं पोट कोरं हाय."

भाई मपल्याकडं बघत राहिला. म्हणला, "पिल्ली होती का तिथं?"

मी म्हणलो, "कुठली पिल्ली?"

खरं बोललो आसतो तर शिव्या बसल्या आसत्या, बे, गधडा, आन् झालं आसतं. भाईनं मला सात वर्सं शिव्याच दिल्या, त्यानं मपलं काय वाईट झालं न्हाई. पर त्या दिवशी त्यानं शिवी दिली न्हाई. हळू म्हणला, "पहिली माझ्यासाठी मारलीस आप्पा. दुसरी कुणासाठी?"

आमच्यात तर खातबी न्हाईत.

भाभीनं रस्सा आणला. भाई म्हणला, झाकून ठेव. भाभी चिडली, एका पातेल्यात शिजल्या, आता एकच निवडून देऊ का म्हणली. मी गुमान चप्पल घातली.

दुसऱ्या दिवशी भाईच्या घरी जायला पायजे होतं. दोन गल्ल्या. पर मपल्या डोक्यातनं निघालेलं कुठलंबी काम बघा, सरळ आसत न्हाई. मी इचार केला, पिल्ली अजून तिथंच आसतील. ती मोठी हुईपर्यंत आपुन राखण करू, पांगली की जाऊन भाईला सांगू, मग त्याच्या समोर बसायला त्वांड राहील. दुकान बंद केलं. मोबाईल घरी ठिवला, आधीचे दोन पाण्यात घातलेले होते. एक जुनी थाळी, एक काठी आन् भाकरीचं गठुडं घेऊन वड्याच्या तोंडाला जाऊन बसलो, रात्रीबी तिथंच बाभळीखाली पडायचो.

बगळा आला की थाळी वाजवायची. खंड्याला थाळीचं कायच वाटत न्हाई, त्याला ढेकूळ मारायचं. पाणकावळा मातर आतनं येतो, त्याच्यासाठी मी गुडघाभर पाण्यात उभा राहून काठीनं पाणी झोडपायचो. झोडपलं की पिल्लीच पांगायची, मग पाणकावळ्याचं काम आणिक सोपं व्हायचं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. भोई ट्यूबवरनं म्हणायचे, "आप्पा, बाळंतपण नीट चालू हाय ना? डिंकाचे लाडू आणू का?" पहिल्या दिवशी जागा ताटाएवढी होती. दुसऱ्या दिवशी वाटीएवढी. तिसऱ्या दिवशी इथं चार, तिथं दोन. चौथ्या दिवशी मी दुपारपर्यंत पाण्याकडं बघत बसलो, कुठंच बुडबुडलं न्हाई.

गावात आलो तर समोरचा चहावाला म्हणला, "आप्पा, होतास कुठं? भाईला काल सकाळी अंबाजोगाईला नेलं. ताप उतरंना. जायच्या आधी गाडी तुपल्या दुकानासमोर थांबविली होती त्यांनी."

मी हाय तशा चिखलाच्या पायानं यष्टी धरली. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात भाभी भिंतीला टेकून बसलेली होती. तिच्या भावानं मला बघितलं आन् मान हलविली. तासभर आधीच भाई गेला होता.

चाळीस दिवस झाल्यावर मी भाभीकडं गेलो. आधी जायची छाती झाली न्हाई. तिनं चहा केला. म्हणली, "तीन दिवस इचारायले होते, आप्पा आला का. मी निरोप पाठविला, दुकानाला कुलूप. तुमच्या घरी फोन केला, वहिनी म्हणल्या सकाळीच थाळी घिऊन गेलेत, कुठं ते ठावं न्हाई. मग हे म्हणले, मी बोललो म्हणून रुसला आसंल. गाडीतनंबी कुलूपच बघितलं."

मग मी सांगितलं. वडा, थाळी, खंड्या, पाण्यात झोडपलेली काठी, भोयाचे डिंकाचे लाडू, सगळं. दुसरी मरळ कावून मारली तेबी सांगितलं. सांगता सांगता भाभीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडायली. रडायलीच होती, पर हासायलीबी होती.

म्हणली, "आप्पा, हे तुमी त्यांना येऊन सांगायचं ना. पोटाला टाके होते तरी हासले आसते."

मी चहा बशीत वतून पेलो. तिनं इचारलं, "मग पिल्लीचं काय झालं?"

मी म्हणलो, "मोठी होऊन पांगली भाभी."

ती हूं म्हणली आन् कप उचलून आत गेली.