पितळी पट्ट्यांचे फोटो

लग्नसराई संपली की आमच्या सिडकोतल्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोंखेरीज फारसं काम नसायचं. म्हणून सातपूरच्या एका कारखान्यातून मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. कारखान्याचा रौप्यमहोत्सव येतोय, त्यासाठी जुन्या मशीनच्या फोटोंचा एक अल्बम करायचाय, असं ते म्हणाले.

त्याच कारखान्यात माझे थोरले दीर लेथवर टर्नर होते. ते आणि जाऊबाई खाली, आम्ही वर, पण रात्रीचं जेवण एकत्र. मी सहज म्हटलं, "आमचे दादा तुमच्याकडंच आहेत."

मग ते म्हणाले, "असं का? मग त्यांना एवढ्यात सांगू नका. सगळ्यांना सरप्राइज द्यायचंय."

मला ते खटकलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गिऱ्हाइकानं सांगितलंय ना, मग गप्प राहायचं. आपल्याला काय करायचंय?"

सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं. गेटवर वॉचमन, आत मॅनेजर आणि त्यांच्यासोबत सफारी घातलेला एक माणूस. "हे आमचे पाहुणे," एवढीच ओळख झाली. शेडमध्ये लेथ, ड्रिल, प्रेस अशी जुनी मशीनं ओळीनं उभी होती, काही तर इंग्लंडहून आलेली. ती आदल्या दिवशीच कुणीतरी रॉकेलनं पुसून काढली असावीत, वास येत होता. मला वाटलं होतं, खिडकीतून येणारा उजेड, त्यात ती काळी धूडं, छान फोटो येतील. मी तसा एक कोपरा धरून स्टँड लावायला लागले तर मॅनेजर म्हणाले, "कलाकारी नको मॅडम. समोरून एक, बाजूनं एक आणि या पट्टीचा एक अगदी जवळून. नंबर वाचता आला पाहिजे."

प्रत्येक मशीनवर एक पितळी पट्टी होती, त्यावर बनवणाऱ्याचं नाव, नंबर आणि साल. रौप्यमहोत्सवाच्या अल्बममध्ये हे नंबर कोण वाचणार होतं? मी विचारलं नाही. पण एक डोळा कॅमेऱ्याला लावून दुसऱ्यानं पाहुण्यावर लक्ष ठेवून होते. तो मशीनमागून मशीन हँडल फिरवून बघत होता. एका लेथपाशी तो वाकला आणि ज्या लोखंडी पट्ट्यावरून हत्यार सरकतं त्यावरून बोटं फिरवत टोकापर्यंत गेला. मग मॅनेजरला हिंदीत काहीतरी म्हणाला. मी जवळ येतेय हे पाहून दोघं गप्प झाले. निघताना मॅनेजर म्हणाले, "निगेटिव्ह सगळ्या माझ्याकडं द्यायच्या. स्टुडिओत एकही ठेवायची नाही."

दुसऱ्या दिवशी दादा कामावरून आले ते नेहमीसारखे अंगणात टेकले नाहीत. हात न धुताच स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर फिल्मच्या रोलची एक काळी डबी ठेवली.

"माझ्या लेथखाली सापडली," ते म्हणाले. "तुझ्याकडची हाय का?"

जाऊबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. नवरा माझ्याकडं बघत होता, नाही म्हण असं त्याचे डोळे सांगत होते. पण आमच्या गल्लीत कॅमेरा माझ्याच घरात होता.

"माझीच आहे," मी म्हटलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. पितळी पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. पाहुण्यानं बोटं कशी फिरवली ते सांगितलं तेव्हा मात्र ते खाली बसले.

"पाहुणा लेथच्या बेडवरून हात फिरवीत नाय. घेणारा फिरवतो. झीज बघत होता तो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला फोन कधी आला होता?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि तू रोज माझ्या ताटात वाढत होतीस."

नवरा म्हणाला, "दादा, तिला खरंच माहीत नव्हतं." त्याच्याकडं दादांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फोटोंचा एक जादा संच मागितला. नवरा कुरकुरला, गिऱ्हाइकाची वस्तू बाहेर दिली हे सातपुरात कळलं तर कुणी कामाला बोलावणार नाही म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. तरी मी लॅबमधून दोन संच काढून आणले आणि एक दादांच्या हातात दिला. मॅनेजरना निगेटिव्ह दिल्या तेव्हा ते प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघत होते.

"जादा कॉपी काढली नाही ना?"

"काढलीय," मी म्हटलं. "तुमच्याच माणसांनी मागितली."

त्यांनी पाकीट बंद केलं आणि वॉचमनला मला गेटपर्यंत सोडायला सांगितलं.

कामगार फोटो घेऊन ऑफिसात गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हे इन्शुरन्ससाठी आहेत. मला अल्बम, त्यांना इन्शुरन्स. दोन कारणं ऐकल्यावर मशीनं गुपचूप विकायची आहेत याचा कुणाला आणखी पुरावा लागला नाही. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी चारदोन जण गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. एका सुट्टीला खरोखरच क्रेन आणि ट्रक आले, गुजरात पासिंगचे. माणसं गेटमध्ये आडवी बसली. ट्रक रिकामे परत गेले आणि मुंबईहून मालकांना यावं लागलं. मशीनं अखेर गेलीच, कारखानाही बंद झाला, पण सगळ्यांचा हिशोब आधी झाला आणि मग ट्रक भरले.

मला वाटलं, आता सगळं निवळलं. तसं झालं नव्हतं. एका दुपारी दादांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा माणूस स्टुडिओत आला. पासपोर्ट फोटो काढायचा म्हणाला. स्टुलावर बसला, मी दिवे लावले, त्याची मान सरळ केली, तेवढ्यात तो म्हणाला, "एक विचारू का वहिनी? हे काम तुम्हाला तुमच्या दिरानंच मिळवून दिलं होतं ना?"

"नाही. त्यांना माहीतच नव्हतं."

"लोकं म्हणतात, त्यानं आधी मॅनेजरला साथ दिली, मग पलटला."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

"हिशोब झाल्यापासून ते घरी बसून आहेत. साथ दिली असती तर बसले असते का?"

त्यानं खांदे उडवले. मी फोटो काढला. डोळे कॅमेऱ्याकडं नव्हते, भिंतीवरच्या आमच्या घरच्या फोटोकडं होते, त्यात दादा मधे उभे होते. दुसरा काढू का विचारलं तर म्हणाला, राहू द्या, चालतंय.

हे मी दादांना सांगितलं नाही. पण त्यांच्या कानावर आलंच असणार, कारण कारखान्यातल्या माणसांच्या घरच्या लग्नांना ते जायचे बंद झाले. पुढं अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं. माझ्याशी बोलणं नीट होतं, ताटही मीच वाढत होते. फक्त मी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून निघाले की ते पेपर खाली घेऊन विचारायचे, "कुठं?"

दोन हजार सालानंतर अशी कामं वाढली. कुठं बँकेला फोटो हवे असत, कुठं लिलावाला. कॅमेरा डिजिटल झाला, निगेटिव्हची भानगड संपली. मी एकच अट घालायची, मशीनवर काम करणारा माणूस तिथं हजर पाहिजे. बरेचजण पुन्हा फोन करत नसत. जे बोलवत, तिथंही तो माणूस हाताची घडी घालून उभा राही आणि माझ्याकडं बघत राही. फोटो कशासाठी आहेत हे मी त्याला सांगायची, जेवढं मला सांगितलं गेलं असेल तेवढं. त्याला ते पटत नसे आणि मलाही पुरतं पटलेलं नसे.